एकाच काट्यावर तोला

प्रति,
रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे पदाधिकारी,
आणि साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या मतदानात) माझ्यासोबत रांगेत उभे राहणारे रिपब्लिकन मतदार बंधुभगिनी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या काउंटीतल्या पक्षाच्या बैठकीत २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला. माझ्या पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ सदस्य उठले. त्यांना मी बरीच वर्षं ओळखतो, थँक्सगिव्हिंगला त्यांच्या घरी जेवलोही आहे. ते म्हणाले, "हर्मन केनना आपण पहिल्या नंबरवर नेलं, बेन कार्सनना डोक्यावर घेतलं, टिम स्कॉट तर आपल्या घरचेच. आता आपल्याला वंशवादी म्हणायची कोणाची हिंमत आहे?" तिघेही आपल्या पक्षाचे कृष्णवर्णीय नेते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पाचेक मिनिटांनी कमला हॅरिस यांचं नाव निघालं, तेव्हा त्याच सदस्यांनी तीन अक्षरं उच्चारली : डीईआय. विविधता, समता, समावेशन या धोरणांचं हे इंग्रजी लघुरूप; टोमणा म्हणून त्याचा अर्थ, लायकीवर नव्हे, वंशामुळे पद मिळालेली. खोली हसली. कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही.

ते न बोलणं मला घरी आल्यावर झोपू देईना, म्हणून हे पत्र.

याची इंग्रजी प्रत समितीच्या पत्त्यावर पाठवली आहे. मराठीतही लिहितोय, कारण इथल्या मराठी घरांमध्ये, मंडळाच्या दिवाळीत, गणपतीच्या आरतीनंतर चहा घेताना हेच बोलणं मी ऐकतो, आणि बोलणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्याच पक्षाला मत देतात. शिवाय जी गोष्ट मला सांगायची आहे, तिचा नेमका शब्द मला मराठीतच सापडला.

तो शब्द आहे 'असून'.

मी मूळचा बार्शीचा. वडील गिरणीत कामाला होते. बारावीनंतर सरकारी फार्मसी कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्रात मी वर्गात पहिला आलो. फळ्यावर निकाल लागला होता, तिथे एका वर्गमित्राने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "कोट्यातला असून पहिला आलास, मानलं तुला!" तो वाईट मुलगा नव्हता. त्याला माझं कौतुकच करायचं होतं. पण त्या एका शब्दाने माझे सगळे गुण पुन्हा माझ्या जातीच्या दारात नेऊन ठेवले. या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली, तरी तो 'असून' माझ्या कानातून गेलेला नाही.

पुढे मी अमेरिकेत आलो, परदेशी फार्मासिस्टांसाठीच्या परीक्षा दिल्या, साखळी दुकानांत रात्रपाळ्या केल्या आणि शेवटी या राज्याच्या वरच्या भागातल्या एका लहान गावात स्वतःचं औषधाचं दुकान काढलं. २००६ मध्ये नागरिक झालो. पहिलं मत २००८ च्या जानेवारीत इथल्या रिपब्लिकन प्रायमरीत जॉन मॅकेन यांना दिलं. सरकारने माणसाच्या घरात आणि दुकानात जितकं कमी शिरावं तितकं बरं, कर्ज काढून देश चालवू नये, आणि गावचे निर्णय गावाने घ्यावेत, असं मला मनापासून वाटतं. विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करू नये असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जूनमध्ये दिला, त्यावर माझं मत माझ्या पक्षमित्रांशी जुळत नाही. बाकी बहुतेक बाबतींत जुळतं. मी पक्ष सोडायला निघालेलो नाही. हे घरातल्याने घरातल्यांना लिहिलेलं पत्र आहे.

आणि या घराशी माझं नातं मी अमेरिकेत येण्याच्या आधीचं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जनांना, कारण त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली होती. ते काम ज्या लिंकनच्या कारकिर्दीत झालं, तो या पक्षातून निवडून आलेला देशाचा पहिला अध्यक्ष. ज्या वर्षी पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती, त्याच वर्षी साउथ कॅरोलायनातून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात चार कृष्णवर्णीय सदस्य बसले होते, आणि चौघेही रिपब्लिकन होते. त्यांतले जोसेफ रेनी गुलामीत जन्मले होते. याच किनाऱ्यावरच्या ब्यूफर्टचे रॉबर्ट स्मॉल्स १८६२ मध्ये चार्ल्स्टन बंदरातून शत्रूचं जहाज पळवून कुटुंबासह मुक्त झाले आणि पुढे तेही रिपब्लिकन म्हणून निवडून गेले. १८८८ च्या शिकागोच्या अधिवेशनात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फ्रेडरिक डग्लस यांच्या नावावर एक मत पडलं. एकच, पण ते आपल्या पक्षाच्या नोंदवहीत आहे.

त्यानंतर काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १८९७ मध्ये जॉर्ज मरे यांची मुदत संपली, आणि या राज्याचा पुढचा कृष्णवर्णीय रिपब्लिकन खासदार वॉशिंग्टनला पोहोचायला २०११ साल उजाडलं. ते होते टिम स्कॉट.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार आपण ज्यांना डोक्यावर घेतलं त्यांच्याविषयी आहे, आणि तिच्यात मी स्वतः आरोपी आहे.

डॉ. बेन कार्सन यांच्याविषयी मला भक्ती वाटायची. डेट्रॉइटमध्ये एकट्या आईने वाढवलेला मुलगा येलला जातो आणि वयाच्या ३३ व्या वर्षी जॉन्स हॉपकिन्समध्ये मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रियांचा प्रमुख होतो. १९८७ मध्ये डोक्याला डोकं जोडलेल्या सात महिन्यांच्या जुळ्यांना वेगळं करण्यासाठी ७० जणांचं पथक २२ तास उभं राहिलं, त्याचं नेतृत्व त्यांनी केलं. औषधांच्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठं काय वाटणार? २०१५ मध्ये मी अंगणात त्यांची पाटी लावली, पैसे पाठवले. त्या शरदात काही राष्ट्रीय मतचाचण्यांत ते सर्वांच्या पुढे होते. आमच्या चर्चमधल्या, शाळेतल्या, दुकानातल्या गोऱ्या माणसांना ते खरोखर आवडत होते. ते प्रेम खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

पण नोव्हेंबर २०१५ मध्ये मिलवॉकीच्या वादसभेत ते म्हणाले की सीरियात चिनीही उतरले आहेत. मी टीव्हीसमोर बसलो होतो. हे बरोबर नाही, एवढं मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी दुकानात मी काय केलं? गिऱ्हाइकांना सांगितलं की माध्यमं त्यांच्या मागे लागली आहेत. त्या आठवड्यात पॅरिसवर हल्ला झाला, लोक परराष्ट्र धोरणाचे प्रश्न विचारू लागले आणि डॉक्टरांचे आकडे घसरले. २०१६ च्या फेब्रुवारीत आमच्या राज्याच्या प्रायमरीत ते सहा जणांत शेवटचे आले, ७ टक्क्यांच्या जरा वर. त्या ७ टक्क्यांत माझं मत होतं.

माझ्या दुकानात नवा फार्मासिस्ट ठेवताना मी त्याची पदवी बघतो, मग त्याला काउंटरमागे उभं करून दोन औषधं एकत्र दिली तर काय होईल ते विचारतो. उत्तर चुकलं तर तो कितीही गुणी असला तरी त्याला एकटं सोडत नाही. डॉक्टरांची गुणवत्ता शंभर नंबरी होती, पण ती शस्त्रक्रियेची होती. देशाच्या सर्वोच्च पदासाठी जे प्रश्न विचारायला हवे होते, ते मी त्यांना विचारले नाहीत, तुम्हीही विचारले नाहीत. आपल्याला ते आवडत होते आणि त्यांच्या आवडण्यातून आपल्याला स्वतःविषयी बरं वाटत होतं. या दुसऱ्या कारणाची मला लाज वाटते.

हर्मन केन यांचंही थोडंफार असंच. अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात गणित, पर्ड्यूमधून संगणकशास्त्र, नौदलासाठी गणितज्ञाचं काम, मग डबघाईला आलेल्या पिझ्झा कंपनीची सूत्रं, कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाचं अध्यक्षपद. माणूस साधा नव्हता. सप्टेंबर २०११ मध्ये फ्लोरिडाच्या नमुना मतदानात त्यांना ३७ टक्के मतं पडली. कंपन्यांवर ९ टक्के, उत्पन्नावर ९ टक्के, विक्रीवर ९ टक्के ही त्यांची करयोजना आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ होती. पण ९ टक्के राष्ट्रीय विक्रीकर आला तर गावातल्या दुकानदाराचं आणि त्याच्या गरीब गिऱ्हाइकाचं काय होईल, हा हिशेब आमच्या एकाही बैठकीत कोणी फळ्यावर मांडला नाही. नोव्हेंबरमध्ये एका वृत्तपत्राच्या संपादकांनी लिबियाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांना बराच वेळ उत्तर सापडेना. काही महिलांनी केलेल्या आरोपांनंतर ३ डिसेंबरला ते बाहेर पडले. त्या आरोपांचा निवाडा मी इथे करत नाही.

त्या काळात राजकारणाबाहेरचा माणूस हवा, अशी हवाच होती आणि गोऱ्या उमेदवारांनाही तिचा फायदा झाला, हे मला मान्य आहे. पण बैठकीत जेव्हा केन आणि कार्सन यांची नावं आपल्या चारित्र्याचा दाखला म्हणून काढली जातात, तेव्हा मी विचारतो : त्यांना आपण उमेदवार म्हणून जोखलं होतं, की दाखला म्हणून जवळ ठेवलं होतं?

दुसरी तक्रार ज्यांनी शिडीची एकेक पायरी चढून पात्रता कमावली त्यांच्याविषयी.

टिम स्कॉट यांचे आजोबा शेतात कापूस वेचत. स्कॉट १९९५ मध्ये चार्ल्स्टन काउंटी कौन्सिलवर निवडून आले आणि तिथे चौदा वर्षं रस्ते, कर, अंदाजपत्रक हेच पाहत होते. मग राज्याचं विधिमंडळ. २०१० मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारीच्या अंतिम फेरीत त्यांनी पॉल थर्मंड यांना मोठ्या फरकाने हरवलं. पॉल हे स्ट्रॉम थर्मंड यांचे चिरंजीव, आणि स्ट्रॉम थर्मंड म्हणजे १९५७ मध्ये नागरी हक्कांचं विधेयक अडवण्यासाठी सिनेटमध्ये सलग २४ तासांहून जास्त बोलणारे गृहस्थ. त्या मुलाला बाजूला सारून मजुराच्या नातवाला निवडणारे मतदार बहुतांशी गोरे आणि कंझर्वेटिव्ह होते. त्यांनी आडनाव पाहिलं नाही, रंग पाहिला नाही, काम पाहिलं. कोणी मला म्हणालं की दक्षिणेतल्या गोऱ्या रिपब्लिकन माणसाला कृष्णवर्णीय उमेदवार चालतच नाही, तर मी त्याला हा निकाल दाखवतो. पुढे सिनेटच्या प्रत्येक निवडणुकीत या राज्याने स्कॉट यांना ६० टक्क्यांच्या वर मतं दिली.

म्हणजे आपल्याला हे जमतं. म्हणूनच २०२३ चं मला जास्त लागलं.

मे महिन्यात स्कॉट अध्यक्षपदासाठी उभे राहिले. "फार चांगला माणूस आहे," हे वाक्य मी त्या सहा महिन्यांत शेकडो वेळा ऐकलं. त्यापुढचं वाक्य कोणाच्या तोंडी नव्हतं. २०१७ च्या करकायद्यात त्यांनी गरीब भागांत गुंतवणूक करणाऱ्यांना करसवलतीची तरतूद घालून घेतली होती. त्यातून खरंच गरीब वस्त्यांचं भलं झालं की फक्त बांधकामवाल्यांचं, यावर भांडायला हवं होतं. ते कोणी केलं नाही. चर्चा झाली ती त्यांनी लग्न का केलं नाही याची. देणगीदारांपर्यंत हा प्रश्न गेला, आणि नोव्हेंबरमध्ये मायामीच्या वादसभेनंतर ते मैत्रिणीला घेऊन मंचावर आले. तिसऱ्यांदा विवाह केलेले आघाडीचे उमेदवार ट्रम्प मंचावर नव्हते, पण त्यांच्या संसाराचा प्रश्न आपल्या पक्षाने फार पूर्वीच सोडून दिला होता. चार दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, स्कॉट बाहेर पडले. पहिलं मत पडायला अजून दोन महिने होते. त्यांची मोहीम फिकी होती, वादसभांत ते कमी पडले, हे मी कबूल करतो. पण कामावर चर्चा झाली असती आणि ते हरले असते, तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

त्याच वेळी उभे राहिलेले दुसरे कृष्णवर्णीय उमेदवार विल हर्ड यांना तर वादसभेचा मंचच मिळाला नाही. सीआयएमध्ये नऊ वर्षं, त्यांतला काही काळ अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या भारतात. मग टेक्सासच्या सीमेवरच्या, लॅटिनो बहुसंख्य मतदारसंघातून तीनदा विजय. पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा देण्याच्या शपथपत्रावर सही करणार नाही असं त्यांनी सांगितलं होतं. पक्षाने असा नियम करावा हे मी समजू शकतो. पण बाकीचे निकष पाहा. पहिल्या वादसभेसाठी ४०,००० देणगीदार आणि चाचण्यांत १ टक्का. दुसऱ्या वादसभेला ५०,००० आणि ३ टक्के. तिसरीला ७०,००० आणि ४ टक्के. या आकड्यासाठी एका धनवान उमेदवाराने १ डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचं भेटकार्ड वाटलं, आणि समितीने ते चालवून घेतलं. पात्रतेचा मंत्र जपणाऱ्या पक्षाने मंचावर कोणी उभं राहावं हे ठरवताना पात्रतेचा एकही प्रश्न विचारला नव्हता.

कॉलिन पॉवेल यांच्या बाबतीत माझी तक्रार कमी आणि हळहळ जास्त आहे. सेनादलांचे प्रमुख राहिलेला, हार्लेममध्ये जमैकन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा माणूस १९९५ मध्ये चाचण्यांत क्लिंटन यांच्याही पुढे होता. गर्भपात आणि वंशाधारित सवलतींवर त्यांची मतं वेगळी होती. काही कंझर्वेटिव्ह नेत्यांनी पत्रकार परिषद घेऊन त्यांना विरोध केला आणि थोड्याच दिवसांत, ८ नोव्हेंबरला, त्यांनी उभं न राहण्याचं जाहीर केलं. निर्णय त्यांचा होता, विरोध धोरणावर होता. त्यात मला अन्याय दिसत नाही.

तिसरी तक्रार त्या तीन अक्षरांविषयी.

मी ओबामा यांना मत दिलं नाही. हॅरिस यांनाही दिलं नाही. दोघांच्या धोरणांविरुद्ध मी तासभर बोलू शकतो. पण ओबामा आठ वर्षं इलिनॉयच्या विधिमंडळात होते आणि मग सिनेटमध्ये गेले, तरी त्यांचा जन्म अमेरिकेतलाच आहे का, असं म्हणत आपण त्यांच्याकडे जन्माचा दाखला मागत राहिलो. अखेर एप्रिल २०११ मध्ये देशाच्या अध्यक्षाला सविस्तर जन्मदाखला प्रसिद्ध करावा लागला. हॅरिस सात वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा सरकारी वकील, सहा वर्षं कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्ता, चार वर्षं सिनेटर, चार वर्षं उपाध्यक्ष. चारपैकी तीन पदांवर त्या थेट लोकांनी निवडून दिल्यामुळे बसल्या. त्यांचं काम वाईट वाटलं तर वाईट म्हणा. पण 'डीईआय' म्हणण्यात कामावर टीका नसते. कामाकडे बघायची गरजच नाही, असं त्यातून सांगितलं जातं. आमच्या कॉलेजातला 'कोट्यातला' आणि हा शब्द एकाच घरातले.

बैठकीनंतर मी एका मित्राशी हे बोललो. तो म्हणाला, बायडन यांनी आधीच जाहीर केलं होतं की उपाध्यक्षपदाला महिलाच निवडेन. खरं आहे. पण १९८० मध्ये रेगन यांनीही प्रचारात सांगितलं होतं की सर्वोच्च न्यायालयावर महिला नेमेन, आणि पुढच्या वर्षी सँड्रा डे ओकॉनर यांना नेमलं. त्यांना आपल्यापैकी कोणी कधी कोट्यातल्या म्हटलं नाही. केनेडींनी टेक्सासच्या मतांसाठी जॉन्सन घेतले, ट्रम्प यांनी २०१६ मध्ये चर्चच्या मतांसाठी माइक पेन्स घेतले. उपाध्यक्ष असाच निवडतात. हिशेब गोऱ्या पुरुषाच्या बाजूने झाला की त्याला समतोल म्हणायचं आणि इतर कोणाच्या बाजूने झाला की लायकी काढायची, हे मला यापुढे मान्य नाही.

आणि हे फक्त आपल्या पक्षात होतं असंही नाही. २००७ मध्ये बायडन यांनीच ओबामांचं कौतुक करताना ते बोलके, हुशार आणि स्वच्छ आहेत असं म्हटलं होतं. तिथेही तो 'असून' होताच, फक्त उच्चारला नव्हता.

या बाबतीत माझ्यासमोर नमुना आहे तो मॅकेन यांचा. ऑक्टोबर २००८, मिनेसोटातलं लेकव्हिल. एक बाई म्हणाल्या, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी त्यांच्या हातातला माइक घेतला आणि सांगितलं, नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत. स्वतःच्या सभेत, स्वतःच्या मतदारासमोर, निवडणूक हातची जात असताना. माझं पहिलं मत या माणसाला गेलं होतं याचा मला अभिमान आहे.

चौथी तक्रार थोडक्यात. रंग पाहत नाही म्हणणाऱ्या पक्षाने २००४ मध्ये इलिनॉयमध्ये नेमका रंगच पाहिला. ओबामांसमोरच्या आपल्या सिनेटच्या उमेदवाराने माघार घेतली, तेव्हा पक्षाने शेकडो मैलांवरच्या मेरीलँडमधून ॲलन कीज यांना आणलं. कीज हार्वर्डचे डॉक्टरेट, रेगन यांच्या काळातले राजदूत. १९७९ मध्ये ते मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत कामाला होते. २००० मध्ये आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याच्या सभांत, त्यांना १४ टक्के मतं पडली होती, तीही गर्भपाताविरुद्धच्या त्यांच्या ठाम भूमिकेसाठी. म्हणजे त्यांना स्वतःची मतं होती, स्वतःचे मतदार होते. त्याआधी १९९६ मध्ये अटलांटात निमंत्रण नसलेल्या वादसभेत शिरू पाहणाऱ्या कीज यांना पोलिसांनी बेड्या घालून बाजूला नेलं होतं, तेव्हा पक्ष त्यांच्यासाठी उभा राहिला नाही. आठ वर्षांनी पक्षाला ते आठवले, कारण समोर कृष्णवर्णीय उमेदवार होता. निकाल ७० विरुद्ध २७ टक्के. एका विद्वान माणसाला आपण सोंगटीसारखं वापरलं.

पाचवी. स्कॉट यांची गोष्ट आपल्याला ऐकायला आवडते, जोवर ती कापसाच्या शेतातून सिनेटपर्यंत सरळ वर जाते तोवर. जुलै २०१६ मध्ये सिनेटमध्ये उभं राहून त्यांनी सांगितलं की लोकप्रतिनिधी असताना एका वर्षात पोलिसांनी त्यांना सात वेळा अडवलं. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या नव्या अभ्यासक्रमात गुलामांना काही कौशल्यं शिकून फायदा झाल्याचा उल्लेख आला, तेव्हा ते आयोवात म्हणाले की गुलामगिरीत चांगलं शोधण्यासारखं काहीच नाही. एवढं साधं बोलल्यावर आपल्याच एका प्रतिस्पर्धी उमेदवाराने त्यांना डाव्यांची भाषा बोलल्याचं सुनावलं. मी त्या आठवड्यात बैठकीला गेलो होतो. "फार चांगला माणूस" म्हणणाऱ्यांपैकी एकही जण त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही.

मराठी बांधवांनो, हे आपल्यापर्यंत पोहोचायचं आहे असं समजू नका. पोहोचलं आहे. मे २०२४ मध्ये कंझर्वेटिव्ह लेखिका ॲन कोल्टर यांनी, आपल्या पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी उभे राहिलेल्या विवेक रामस्वामी यांना त्यांच्याच पॉडकास्टवर तोंडावर सांगितलं की तुमच्या बऱ्याच मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण तुम्ही भारतीय आहात म्हणून मी तुम्हाला मत दिलं नसतं. माझी मुलगी इथे जन्मली आहे आणि कायद्याचा अभ्यास करते. तिने ती चित्रफीत मला दाखवली आणि फोन परत खिशात ठेवला. काही विचारलं नाही. कृष्णवर्णीय उमेदवाराला 'कोट्यातला' म्हणताना आपण हसलो असू, तर या वाक्यावर चिडायचा आपल्याला काय हक्क उरतो?

माझ्या मागण्या अशा आहेत.

राष्ट्रीय समितीने पुढच्या अध्यक्षीय वादसभांचे निकष किमान एक वर्ष आधी लेखी जाहीर करावेत. ज्यांनी सिनेटर, प्रतिनिधी, राज्यपाल, मंत्री किंवा सेनाधिकारी म्हणून काम केलं आहे, त्यांना किमान पहिल्या वादसभेत देणगीदारांच्या संख्येची अट नसावी. भेटकार्डं वाटून मिळवलेले देणगीदार मोजले जाऊ नयेत.

काउंटी समित्यांनी प्रायमरीआधी सर्व उमेदवारांसाठी एकच लेखी प्रश्नपत्रिका ठेवावी : अंदाजपत्रक, परराष्ट्र धोरण, आरोग्यविमा, औषधांच्या किमती. गोऱ्याला सोपी, काळ्याला कौतुकाची, असं नको. उत्तरं मतदारांसमोर शेजारी शेजारी लावावीत.

पक्षाच्या मंचावरून कोणालाही, आपल्या किंवा विरोधी पक्षाच्या उमेदवाराला, 'डीईआय' किंवा तशा अर्थाचं काही म्हटलं गेलं, तर अध्यक्षस्थानी असलेल्याने तिथेच थांबवावं आणि विचारावं : कोणत्या पदावर, कोणत्या कामात ही व्यक्ती कमी पडली ते सांगा. सांगता आलं तर बोलू द्यावं. नाही आलं तर माइक पुढच्याला द्यावा.

समोरचा उमेदवार कृष्णवर्णीय आहे म्हणून आपलाही तसाच शोधून आणण्याची पद्धत बंद करावी. त्याऐवजी शाळा मंडळं, काउंटी कौन्सिल, राज्य विधिमंडळ या पायऱ्यांवर पैसे आणि माणसं लावावीत. स्कॉट त्याच वाटेने आले. आमच्या काउंटीच्या कौन्सिलसाठी गेल्या दोन निवडणुकांत आपण एकाही कृष्णवर्णीय शेजाऱ्याला उभं राहण्याविषयी विचारलं नाही. मी पक्षाच्या समितीत होतो, मीही विचारलं नाही. या वर्षी दोघांशी मी स्वतः बोलणार आहे.

आणि ज्या सदस्यांच्या वाक्याने हे सुरू झालं त्यांना : तुम्ही माझे मित्र आहात आणि राहाल. पुढच्या बैठकीत सदस्यांच्या वेळेत मला तीन मिनिटं मिळतात. या पत्राची इंग्रजी प्रत मी तिथे वाचणार आहे आणि हात वर केलेल्या प्रत्येकाच्या प्रश्नाला उत्तर देणार आहे. समितीने मागण्यांवर आपलं उत्तर लेखी द्यावं ही विनंती.

आपला,
साउथ कॅरोलायनातला एक फार्मासिस्ट आणि रिपब्लिकन मतदार
(मूळ गाव बार्शी, जि. सोलापूर)